मुंबई ते लंडन: विमानाचे अंतर आणि प्रवासाचा खरा वेळ स्वतः कसा काढावा

मुंबईहून रात्री २.१५ ला निघायचे आणि त्याच दिवशी सकाळी ६.४५ ला लंडनला उतरायचे, असे तिकीट हातात आले की पहिल्या नजरेला लंडन साडेचार तासांवर आल्यासारखे वाटते. परतीच्या तिकिटावर रात्री ९.३० ला लंडनहून निघून दुसऱ्या दिवशी सकाळी ११.४५ ला मुंबई, असे लिहिलेले असते आणि तेच अंतर सव्वाचौदा तासांचे होऊन बसते. या वेळा मी उदाहरणादाखल घेतल्या आहेत, पण हिवाळ्यातली तिकिटे साधारण अशीच दिसतात. प्रत्यक्षात जाताना दहा तास लागतात आणि येताना पावणेनऊ. हे आकडे तिकिटातूनच काढता येतात. मात्र त्यासाठी अंतराचा हिशेब, उड्डाणाच्या वेळेचा हिशेब आणि घड्याळांचा हिशेब हे तिन्ही वेगवेगळे ठेवावे लागतात. बहुतेक घरांत ते एकत्र कालवले जातात आणि मग आजी रात्रभर फोनकडे बघत बसते.

पुढे मी मुंबई ते लंडन हेच उदाहरण शेवटपर्यंत चालवणार आहे. ८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचे 'मलबार प्रिन्सेस' हे विमान कैरो आणि जिनिव्हा येथे थांबत मुंबईहून लंडनला गेले, तेव्हापासून हा मार्ग मुंबईकरांच्या परिचयाचा आहे. रीत मात्र कोणत्याही दोन शहरांना लागू पडते.

अंतर: आधी दोरा, मग आकडे

भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवून अंतर मोजण्याचा मोह टाळावा. गोल पृथ्वी सपाट कागदावर पसरली की उत्तरेकडचे प्रदेश ताणले जातात, आणि त्या नकाशावरची सरळ रेषा पृथ्वीवरची सर्वांत जवळची वाट राहत नाही. जवळची वाट म्हणजे बृहद्वृत्ताचा तुकडा. पृथ्वीच्या केंद्रातून जाणाऱ्या प्रतलाने पृष्ठभाग कापला की जे वर्तुळ मिळते ते बृहद्वृत्त, आणि विषुववृत्त हे त्याचेच एक उदाहरण.

मुलांच्या अभ्यासाच्या टेबलावर पृथ्वीगोल असेल तर हे दोऱ्याने लगेच पाहता येते. गोलाचा व्यास ३० सेंटीमीटर असेल तर त्याचा परीघ ९४ सेंटीमीटर भरतो. पृथ्वीचा परीघ सरासरी ४०,०३० किलोमीटर आहे, म्हणून गोलावरचा एक सेंटीमीटर म्हणजे सुमारे ४२५ किलोमीटर झाले. दोऱ्याचे एक टोक मुंबईवर अंगठ्याने दाबून धरावे, दुसरे लंडनवर नेऊन दोरा ताणावा, म्हणजे तो आपोआप सर्वांत जवळच्या वाटेवर स्थिरावतो. मग पट्टीवर मोजावे. सुमारे १७ सेंटीमीटर भरतात, म्हणजे ७,२०० किलोमीटरच्या आसपास. हाच दोरा मुंबईहून न्यूयॉर्ककडे ताणला तर तो अरबी समुद्रावरून पश्चिमेला न जाता जवळजवळ उत्तरेला वळतो, पार ६४ अंश अक्षांशाच्या वर चढतो आणि तिथून खाली उतरतो. न्यूयॉर्कला जाणारे विमान 'वरून' का जाते, हे एकदा दोऱ्यात पाहिले की समजावून सांगावे लागत नाही.

याहून नेमके उत्तर हवे असेल तर दोन्ही विमानतळांचे अक्षांश-रेखांश घ्यावेत आणि सायंटिफिक कॅल्क्युलेटर काढावा. सहारचा छत्रपती शिवाजी महाराज आंतरराष्ट्रीय विमानतळ १९.०९ अंश उत्तर अक्षांश आणि ७२.८७ अंश पूर्व रेखांशावर आहे. लंडनचा हीथ्रो ५१.४७ अंश उत्तर आणि ०.४६ अंश पश्चिम येथे आहे. एक रेखांश पूर्वेचा आणि दुसरा पश्चिमेचा असल्यामुळे इथे वजाबाकी न करता बेरीज करायची, म्हणजे रेखांशांतले अंतर ७३.३३ अंश येते. सूत्र असे आहे:

कोसाइन(कोन) = साइन(पहिला अक्षांश) × साइन(दुसरा अक्षांश) + कोसाइन(पहिला अक्षांश) × कोसाइन(दुसरा अक्षांश) × कोसाइन(रेखांशांतले अंतर)

आकडे घातल्यावर पहिला गुणाकार ०.३२७० × ०.७८२३, म्हणजे ०.२५५८ येतो. दुसरा ०.९४५० × ०.६२२९ × ०.२८६९, म्हणजे ०.१६८९. बेरीज ०.४२४७. ज्या कोनाचा कोसाइन ०.४२४७ आहे तो कोन ६४.८७ अंशांचा. बृहद्वृत्ताचा एक अंश १११.२ किलोमीटरांचा असतो, म्हणून ६४.८७ × १११.२ = सुमारे ७,२१० किलोमीटर. दोऱ्याने काढलेले उत्तर किती जवळ आले होते ते पाहावे.

या आकडेमोडीत चुका नेहमी त्याच दोन-तीन ठिकाणी होतात. कॅल्क्युलेटर डिग्री मोडवर नसेल तर उत्तर भलतेच येते. सिडनीसारखे दक्षिण गोलार्धातले शहर असेल तर अक्षांशाला उणे चिन्ह द्यायचे राहून जाते. पृथ्वी ध्रुवांपाशी किंचित चपटी असल्यामुळे या गोलाकार हिशेबात अर्ध्या टक्क्यापर्यंत फरक पडू शकतो, पण सुट्टीचा बेत आखणाऱ्याने त्याची चिंता करण्याचे कारण नाही.

एककांची गफलत मात्र मोठी असते. एकाच प्रवासाचे अंतर कुठे ७,२१०, कुठे ४,४८० आणि कुठे ३,८९० असे छापलेले आढळते. पहिला आकडा किलोमीटरांचा, दुसरा साध्या मैलांचा आणि तिसरा सागरी मैलांचा आहे. वैमानिक सागरी मैलच वापरतात. एक सागरी मैल १.८५२ किलोमीटरांचा असतो, आणि बृहद्वृत्तावरच्या एका अंशाच्या साठाव्या भागाइतके त्याचे माप आहे. आकड्यापुढे एकक लिहिलेले नसेल तर तो आकडा उचलू नये.

ज्यांना यातले काहीच करायचे नाही त्यांनी संगणकावर गूगल मॅप्स उघडावे, मुंबईवर उजवी कळ दाबून अंतर मोजण्याचा पर्याय निवडावा आणि लंडनवर टिचकी मारावी. तिथे येणारी रेषा वाकडी दिसते, कारण ती बृहद्वृत्ताचीच असते.

विमान दोऱ्यावरून जात नाही

दोऱ्याखाली कोणते देश येतात ते विमानाला विचारात घ्यावे लागते. मुंबई-लंडन दोरा पाकिस्तानवरून वायव्येकडे जातो. २०१९ मध्ये २७ फेब्रुवारीपासून १६ जुलैपर्यंत पाकिस्तानचे हवाई क्षेत्र बहुतेक वाहतुकीला बंद होते. एप्रिल २०२५ मध्ये ते भारतीय विमान कंपन्यांसाठी पुन्हा बंद करण्यात आले. फेब्रुवारी २०२२ पासून युक्रेनवरून नागरी विमाने जात नाहीत. पश्चिम आशियात तणाव वाढला की आणखी एखादा पट्टा अचानक मिटतो. दिल्लीच्या मानाने मुंबईला याचा त्रास कमी होतो, कारण इथून विमानाला सरळ अरबी समुद्रावर निघता येते. तरीही वळसा पडतोच, म्हणून मी दोऱ्याच्या अंतरात पाच टक्के मिळवतो. लंडनसाठी ते सुमारे ७,५७० किलोमीटर होतात. आदल्या दिवशीचे विमान नेमके कोणत्या वाटेने गेले हे फ्लाइटरडार२४ सारख्या संकेतस्थळावर दिसते. मन लावून बघावे असे ते दृश्य असते, मात्र त्यात अर्धा तास कसा जातो ते कळत नाही.

उड्डाणाचा वेळ

लांब पल्ल्याची बोइंग ७७७ किंवा ७८७ जातीची विमाने ध्वनीच्या वेगाच्या सुमारे ०.८४ ते ०.८५ पट वेगाने जातात. वर दहा-अकरा किलोमीटर उंचीवर तापमान उणे पन्नास अंशांच्या खाली असते आणि तिथे ध्वनीचा वेग ताशी १,०६० किलोमीटरच्या आसपास भरतो. त्यामुळे विमानाचा वेग ताशी ९०० किलोमीटर धरणे योग्य. हा वेग भोवतालच्या हवेच्या तुलनेत असतो, आणि ती हवा स्वतःच पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहत असते. तिलाच जेट प्रवाह म्हणतात. हिवाळ्यात तो जोरकस असतो आणि भारताच्या उत्तर भागापर्यंत खाली सरकतो; उन्हाळ्यात मंदावून उत्तरेकडे जातो.

वाऱ्याची सरासरी ताशी ८० किलोमीटर धरली तर लंडनला जाताना जमिनीच्या मानाने वेग ८२० राहतो आणि येताना ९८० होतो. ७,५७० भागिले ८२० म्हणजे सव्वानऊ तास. भागिले ९८० म्हणजे पावणेआठ तासांना थोडे कमी. यात पाऊण तास मिळवावा. विमान फाटकापासून सुटल्यानंतर धावपट्टीच्या टोकाशी पोहोचेपर्यंतचा, वर चढण्याचा, खाली उतरण्याचा आणि पुन्हा फाटकाला लागेपर्यंतचा संथ वेळ त्यात येतो. तिकिटावरची वेळ फाटक सुटल्यापासून फाटक लागेपर्यंतची असते, हे विसरू नये. एकूण जाताना दहा तास आणि येताना साडेआठ होतात. तिकिटावर पावणेनऊ दिसतात, कारण कंपन्या उशिरासाठी थोडी जागा राखून ठेवतात.

ती जागा मुंबईत वापरली जाते. सहारच्या विमानतळावर दोन धावपट्ट्या आहेत, पण त्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्हीवर एकाच वेळी स्वतंत्रपणे विमाने उतरवता येत नाहीत. खिडकीतून समुद्र दिसतो, मग ठाण्याची खाडी, मग तोच समुद्र पुन्हा दिसतो, तेव्हा आपले विमान रांगेत उभे असते.

पुढच्या आसनाच्या पाठीवरच्या पडद्यावर जमिनीच्या मानाने वेग दाखवणारा आकडा असतो. एका जानेवारीत जाताना मी तो ८०० च्या खाली आणि परतताना हजाराच्या वर पाहिला आहे. शेजारी बसलेल्या काकांनी परतीचे विमान नवे असल्याचा निष्कर्ष काढला होता.

एवढा खटाटोप नको असेल तर ढोबळ रीत अशी: दोऱ्याचे अंतर ८५० ने भागावे आणि पाऊण तास मिळवावा. लंडनसाठी सव्वानऊ तास येतात, म्हणजे जाण्या-येण्याची सरासरी. पश्चिमेला जायचे असेल तर त्यात अर्धा-पाऊण तास वाढवावा, पूर्वेला यायचे असेल तर तेवढाच कमी करावा. न्यूयॉर्क सुमारे १२,५३० किलोमीटर, म्हणून साडेपंधरा तास. हीच रीत जवळच्या पल्ल्यालाही चालते. मुंबई ते नागपूर हवाई अंतर सुमारे ६८० किलोमीटर, त्याचे दीड तास येतात, आणि त्यातला निम्मा वेळ पाऊण तासाच्या त्या संथ हिश्श्याचाच असतो.

घड्याळांचा हिशेब

इथे एकच नियम पाळावा: वजाबाकी करण्याआधी दोन्ही वेळा एकाच घड्याळात आणाव्यात. लंडनला उतरण्याची वेळ सकाळी ६.४५ असेल तर हिवाळ्यात तीत साडेपाच तास मिळवून ती भारतीय वेळेत १२.१५ करावी. २.१५ ते १२.१५ म्हणजे दहा तास. परतीला लंडनची ९.३० ही वेळ भारतीय वेळेत पहाटे ३.०० होते. ३.०० ते ११.४५, पावणेनऊ तास.

काट्यांचे घड्याळ हातात असेल तर एक गंमत उपयोगी पडते. भारतीय वेळ दाखवणारे घड्याळ उलटे धरले, म्हणजे बारा खाली आणि सहा वर, की ते ग्रीनिचची, म्हणजे लंडनची हिवाळ्यातली, वेळ दाखवते. तीन वाजले असतील तर उलट्या घड्याळात साडेनऊ दिसतात. तास-काटा किंचित चुकीच्या जागी असतो, पण काम भागते. अर्थात हे फक्त हिवाळ्यात. मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत ब्रिटनची घड्याळे एक तास पुढे असतात आणि फरक साडेचार तासांचा होतो. अमेरिकेत हा बदल मार्चच्या दुसऱ्या रविवारी आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी होतो. न्यूयॉर्कशी आपला फरक उन्हाळ्यात साडेनऊ आणि हिवाळ्यात साडेदहा तासांचा असतो. तिकीट सहा महिने आधी काढले असेल तर आजचा फरक न धरता प्रवासाच्या तारखेचा फरक धरावा.

मुळात हे फरक येतात कुठून, तर रेखांशातून. पृथ्वी एक अंश फिरायला चार मिनिटे घेते. मुंबईचा रेखांश चारने गुणला की ४ तास ५१ मिनिटे येतात, आणि जुन्या 'मुंबई वेळे'चा ग्रीनिचशी फरक नेमका तेवढाच होता. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशावर बेतलेली आहे, म्हणून ती साडेपाच तासांची. प्रमाणवेळ १९०६ मध्ये आली तरी मुंबईने आपली ३९ मिनिटे मागची वेळ १९५५ पर्यंत जपली होती. तेव्हा घड्याळांवरून घोळ घालणे या शहराला नवे नाही.

घोळ तारखेचाही होतो, आणि तो सर्वांत महाग पडतो. मुंबईहून परदेशी जाणारी कितीतरी विमाने मध्यरात्रीनंतर सुटतात. माझ्या मामेभावाचे तिकीट १४ तारखेच्या रात्री १२.५० चे होते. आम्ही १४ तारखेला संध्याकाळी सहकुटुंब जेवलो, मामींनी बॅगांना हळदकुंकू लावले, आणि साडेनऊला दोन गाड्या घेऊन सहारला पोहोचलो. काउंटरवरच्या मुलीने तिकीट दोनदा पाहिले आणि विमान वीस तासांपूर्वीच गेल्याचे शांतपणे सांगितले. चूक सर्वस्वी आमची होती. १४ तारखेची रात्रीची १२.५० ही वेळ १३ तारखेच्या जेवणानंतर येते. अशा तिकिटावर मी आता पेनाने '१३ च्या रात्री घरातून निघणे' असे लिहून ठेवतो. उतरण्याच्या वेळेपुढे '+१' असेल तर ती दुसऱ्या दिवसाची तारीख असते, तीही गोल करून ठेवावी.

थांबा घेऊन जायचे असेल तर

दुबईमार्गे लंडनला जाणे म्हणजे मोठा वळसा, असे अनेकांना वाटते. मुंबई ते दुबई सुमारे १,९३० किलोमीटर आणि दुबई ते हीथ्रो सुमारे ५,५०० किलोमीटर. बेरीज ७,४३०, म्हणजे थेट अंतरापेक्षा जेमतेम २२० किलोमीटर अधिक. वेळ वाढतो तो अंतरामुळे नव्हे. दुसऱ्यांदा चढ-उतार करण्याचा पाऊण तास आणि मधल्या थांब्याचे दोन ते चार तास यांच्यामुळे वाढतो. याउलट सिंगापूरमार्गे लंडनचे तिकीट स्वस्त मिळाले, तर अंतर दुपटीहून अधिक होते, हे दोऱ्यावर आधी पाहून घ्यावे. आखाती शहरे, इस्तंबूल किंवा युरोपातली शहरे दोऱ्याच्या जवळपास येतात. थांब्याचा वेळ दीड तासापेक्षा कमी असेल आणि दोन्ही विमाने एकाच तिकिटावर नसतील, तर ते तिकीट मी घेत नाही.

घरापासून घरापर्यंत

हवेतले दहा तास कागदावर पक्के बसवले तरी डोंबिवलीच्या माणसाचा प्रवास साडेपंधरा ते साडेसोळा तासांचा होतो. आंतरराष्ट्रीय उड्डाणासाठी तीन तास आधी पोहोचायचे, त्याआधी घर ते विमानतळ दीड-दोन तास, आणि उतरल्यावर पासपोर्ट तपासणी व सामान यांसाठी एक-दीड तास. मेट्रो ३ चे स्थानक आता टर्मिनल २ पाशीच आहे, पण रात्री उशिरा ती चालत नाही, त्यामुळे अडीचच्या विमानासाठी बहुधा गाडीच करावी लागते. नवी मुंबईचा विमानतळ सुरू झाल्यापासून तिकिटावरचा सांकेतिक शब्दही वाचावा लागतो: 'बीओएम' म्हणजे सहार, 'एनएमआय' म्हणजे उलवे. हवाई अंतरात या दोघांमुळे पंचवीसेक किलोमीटरचाच फरक पडतो, पण चुकीच्या विमानतळावर उभे राहिलेल्या माणसाला तो आकडा सांगू नये.

शेवटी हा सगळा हिशेब एका कागदावर दोन रकान्यांत उतरवावा: डावीकडे मुंबईची वेळ, उजवीकडे लंडनची. निघणे, उतरणे, आणि त्याखाली उतरण्यानंतर दीड तासाने 'पोहोचल्याचा फोन'. वरच्या उदाहरणात ती ओळ मुंबईच्या रकान्यात दुपारी १.४५ अशी येते. कागद फ्रिजवर चुंबकाने लावावा आणि आजीला तो वाचून दाखवावा, म्हणजे ती सकाळी सातपासून फोन हातात घेऊन बसणार नाही. फार तर सव्वा वाजता बसेल.